एआय साधनांची मेमरी: सीमाभागातील मराठी वापरकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

निपाणी, खानापूर किंवा बेळगाव शहरातून एखाद्याने चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉड यांसारख्या साधनाला मराठीत प्रश्न विचारला, तर उत्तर बहुतेक वेळा महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला द्यावे तसे येते. जमिनीच्या उताऱ्याबद्दल विचारले की महाराष्ट्राचे महाभूलेख संकेतस्थळ दाखवले जाते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जाण्यास सांगितले जाते, दहावीच्या गणिताबद्दल विचारले की बालभारतीचे धडे पुढे येतात, आणि घरातील महिलेला मिळणाऱ्या मदतीबद्दल विचारले की कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीऐवजी महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेच्या अटी वाचायला मिळतात. इंटरनेटवरील मराठी मजकुराचा फार मोठा भाग महाराष्ट्रातून आलेला आहे. त्या मजकुरावर घडलेले साधन भाषेवरून राज्याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज आपल्या भागात नेमका चुकतो.

दर प्रश्नाच्या आधी आपण कर्नाटकात राहतो हे सांगत बसणे शक्य नाही, म्हणून या साधनांमध्ये आलेली मेमरीची, म्हणजे आपल्याविषयीची माहिती पुढच्या संभाषणांसाठी जपून ठेवण्याची सोय आपल्याला इतरांपेक्षा जास्त उपयोगी आहे. मात्र ही सोय चालू करून साधनाला आपणहून टिपणे करू दिली, तर तोच चुकीचा अंदाज टिपणात जाऊन बसण्याचा धोका असतो. आपण एकदा गडहिंग्लजच्या बाजाराविषयी विचारले आणि साधनाने “वापरकर्ता कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी आहे” अशी नोंद केली, तर पुढची कित्येक उत्तरे त्या एका ओळीवर उभी राहतात. म्हणून सीमाभागात मेमरी आपोआप भरू न देता ती स्वतःच्या हाताने लिहावी आणि अधूनमधून तपासावी. हे काम कसे करायचे ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

मेमरी नेमकी कुठे असते

सेटिंग उघडण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण बोलत असताना साधनामागचे मॉडेल, म्हणजे उत्तर तयार करणारी संगणकीय प्रणाली, आपल्याकडून काही शिकून बदलत नाही. ते एकदा प्रशिक्षित होते आणि त्यानंतर प्रत्येक संभाषणाला कोऱ्या पाटीने सामोरे जाते. आपण दहावा प्रश्न विचारतो तेव्हा सॉफ्टवेअर आधीचे नऊ प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुन्हा एकत्र करून मॉडेलपुढे ठेवते, म्हणून त्याला मागचे आठवते आहे असे वाटते. या एकत्र ठेवलेल्या मजकुराला मर्यादा असते आणि ती टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतात. २०२० मधील जीपीटी-३ या मॉडेलची मर्यादा २०४८ टोकनांची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या जेमिनी १.५ प्रो ने ती १० लाखांपर्यंत नेली. देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तेवढ्याच आशयाचे मराठी संभाषण ही जागा लवकर भरते. नव्या मॉडेलांत हा फरक कमी झाला आहे, पण पूर्णपणे गेलेला नाही.

जागा मोठी झाली म्हणून सगळे लक्षात राहते असेही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरते, मधली माहिती मात्र त्याच्या हातून सुटते. दोन-तीन आठवडे एकाच संभाषणात लिहीत राहणाऱ्या माणसाला साधन मध्येच विसराळू का वाटते, याचे एक कारण हे आहे.

चालू संभाषणापलीकडे टिकणारी मेमरी तीन ठिकाणी असते. पहिले ठिकाण म्हणजे जतन केलेल्या नोंदी: आपल्याविषयीची छोटी वाक्ये साधन वेगळी साठवते आणि प्रत्येक नव्या संभाषणाच्या आधी मॉडेलला वाचायला देते. चॅटजीपीटीने याची चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. दुसरे ठिकाण म्हणजे जुन्या संभाषणांचा संदर्भ. यात नोंद म्हणून काही लिहिले गेले नसले तरी साधन मागच्या बोलण्यातून लागेल तेवढे उचलते. चॅटजीपीटीत ही सोय सशुल्क खात्यांना एप्रिल २०२५ मध्ये मिळाली. तिसरे ठिकाण म्हणजे एखाद्या कामापुरता वेगळा कप्पा, ज्याला चॅटजीपीटी आणि क्लॉड प्रोजेक्ट म्हणतात आणि ज्यात आपल्या फाइली व सूचना ठेवता येतात. बेळगावच्या रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला हा भेद रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) एवढ्या शब्दांत कळेल: संभाषण ही रोजकीर्द आहे, तिच्यात सगळे येते, नोंदी ही खतावणी आहे, तिच्यात काय चढवायचे ते विचारपूर्वक ठरवावे लागते.

पहिली पायरी: आधी काय साठले आहे ते पाहणे

ज्यांनी हे साधन काही महिने वापरले आहे, त्यांच्या खात्यात नकळत बरेच काही जमा झालेले असते. चॅटजीपीटीत सेटिंगमधील पर्सनलायझेशन या भागात मेमरीचे बटण असते आणि तेथूनच साठलेल्या नोंदींची यादी उघडते. जेमिनी आणि क्लॉड यांच्याही सेटिंगमध्ये अशीच सोय आहे, फक्त शब्द आणि जागा बदलतात. फोनवरील ॲपमध्ये एखादा पर्याय दिसत नसेल, तर तेच खाते संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे.

यादी वाचून झाल्यावर नव्या संभाषणात साधनालाच विचारावे: “माझ्याविषयी तुझ्याकडे कोणकोणती माहिती आहे, आणि त्यातली कोणती तू अंदाजाने धरली आहेस?” या उत्तरावर पूर्ण विसंबू नये, कारण साधन आपल्याकडील सगळे सांगेलच असे नाही आणि कधी नसलेलेही सांगते. तरीही हा प्रश्न उपयोगी आहे, कारण यादीत न दिसणारा, जुन्या संभाषणांतून उचललेला अंदाज अशा वेळी अनेकदा बाहेर पडतो. राज्य, जिल्हा, व्यवसाय, मुलांची इयत्ता आणि भाषा हे पाच मुद्दे तपासावेत. चुकीची नोंद “दुरुस्त कर” असे सांगून बदलण्यापेक्षा यादीतून काढून टाकावी आणि बरोबर नोंद नव्याने लिहावी. तसे न केल्यास जुनी आणि नवी अशा दोन परस्परविरोधी ओळी शेजारी राहतात आणि कोणती वापरली जाईल याचा भरवसा राहत नाही.

दुसरी पायरी: स्वतःची ओळख लिहिणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. जुलै २०२३ पासून चॅटजीपीटीत कायमच्या सूचना लिहिण्याची वेगळी चौकट आहे. इतर साधनांतही तशी चौकट किंवा जतन केलेली माहिती असा भाग असतो. साधनाने स्वतः केलेल्या टिपणांपेक्षा या चौकटीतला मजकूर जास्त भरवशाचा असतो, कारण तो आपण लिहिलेला असतो, आपल्याशिवाय कोणी बदलत नाही आणि प्रत्येक संभाषणात पोचतो.

निपाणीतील एखाद्या व्यापाऱ्याने ही ओळख साधारण पुढीलप्रमाणे लिहावी:

“मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, निपाणी येथे राहतो. मी मराठीत लिहितो आणि उत्तर मराठीतच हवे आहे, परंतु माझ्यावर कर्नाटक राज्याचे नियम, योजना आणि कार्यालये लागू होतात. जमिनीच्या कागदांसाठी भूमी, दस्तनोंदणीसाठी कावेरी, दाखल्यांसाठी नाडकचेरी आणि सेवासिंधू, विजेसाठी हेस्कॉम असे समजावे. माझा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो. माल कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याला पोचवायचा असेल तर व्यवहार आंतरराज्य धरावा. प्रश्नात महाराष्ट्रातील गावाचे नाव स्पष्टपणे आले असेल तरच महाराष्ट्राचे नियम सांगावेत. राज्याविषयी शंका असल्यास आधी मला विचारावे.”

यातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. “मी मराठी आहे” एवढेच लिहून भागत नाही, कारण तेच वाक्य चुकीच्या अंदाजाला खतपाणी घालते. भाषा आणि राज्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे साधनाला उघडपणे सांगावे लागते. कार्यालयांची आणि संकेतस्थळांची नावे दिली की साधनाला कर्नाटकाशी संबंधित माहितीकडे वळणे सोपे जाते. कराचे वाक्य तर थेट पैशाशी जोडलेले आहे. निपाणीहून गोकाकला पाठवलेल्या करपात्र मालावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग लागतात, आणि निपाणीहून काही किलोमीटरवरच्या कागलला पाठवलेल्या त्याच मालावर एकत्रित आंतरराज्य कर लागतो. साधनाने व्यापारी महाराष्ट्रातला धरला की हे उत्तर बरोबर उलटे होते. कर्नाटकाचा राज्य क्रमांक २९ आणि महाराष्ट्राचा २७ आहे. ओळखीतले दोन अंक हा गोंधळ टाळतात.

ओळखीतले शेवटून दुसरे, अपवादाचे वाक्य अनेकजण विसरतात. आपल्याकडे घरेच सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. बहीण चंदगडला दिलेली असते, मामांचे शेत कागलच्या हद्दीत असते, मुलगा कोल्हापूरला शिकत असतो. “सर्व उत्तरे कर्नाटकाचीच द्यावीत” असे बजावून ठेवले, तर बहिणीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही साधन नाडकचेरीच सुचवेल. म्हणून नियमाबरोबर त्याचा अपवादही लिहावा.

मराठी माध्यमाच्या शाळेतील शिक्षिकेची ओळख वेगळी असेल. तिने कर्नाटक राज्याचा अभ्यासक्रम, कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची पुस्तके, शिकवण्याची इयत्ता, दहावीची परीक्षा म्हणजे एसएसएलसी आणि अकरावी-बारावी म्हणजे पीयूसी, हे लिहावे. मुलांच्या घरी मराठी आणि शाळेच्या कार्यालयीन पत्रव्यवहारात कन्नड चालते, त्यामुळे पालकांसाठीचा मजकूर मराठीत आणि शिक्षण खात्यासाठीचा मजकूर कन्नडमध्ये हवा, हेही सांगावे. स्थलांतराचा दाखला घेऊन महाराष्ट्रात जाणाऱ्या मुलांसाठी दोन्ही मंडळांचे नियम लागतात. तो विषय ओळखीत न घालता त्या वेळच्या प्रश्नात विचारावा.

ओळख लांबवण्याचा मोह होतो. आवडते पदार्थ, कुलदैवत, मुलांची नावे असे सगळे लिहिले की साधन ते वेळी-अवेळी उत्तरात आणते आणि जत्रेच्या वर्गणीचा हिशेब मागितला तरी दुकानाचा उल्लेख करत बसते. दहा-बारा वाक्यांत मावेल एवढीच ओळख ठेवावी. भाषेच्या ढंगाविषयी एखादे वाक्य मात्र जरूर असावे. आपल्याकडे थोरल्यांना पत्र लिहिताना “ती. काकांस, सा. न. वि. वि.” असा मायना असतो, साधनाला आपल्या मर्जीवर सोडले तर ते “प्रिय काका” लिहून मोकळे होते, आणि तहसीलदारांच्या अर्जातही कधी कधी तोच सूर लावते.

तिसरी पायरी: टिकणारे आणि बदलणारे वेगळे करणे

मेमरीतील नोंद जुनी झाली तरी साधनाला ते कळत नाही. उसाचा दर, तंबाखूचा भाव, योजनेतील रक्कम, कर्जाचा व्याजदर, कार्यालयातील अधिकाऱ्याचे नाव, मुलाची इयत्ता या सर्व गोष्टी बदलतात, आणि मेमरीत त्या बदललेल्या नसतात. उदाहरणार्थ, गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला २००० रुपये मिळतात ही माहिती योजना सुरू झाली त्या २०२३ सालापासूनची आहे. पण ती रक्कम मेमरीत कोरून ठेवण्यापेक्षा “योजनेच्या अटी व रक्कम विचारली तर आधी अधिकृत संकेतस्थळ पाहावे आणि माहिती केव्हाची आहे ते सांगावे” असे लिहिणे जास्त शहाणपणाचे आहे.

जे बदलणारे असूनही ठेवावेच लागते, त्यापुढे महिना आणि वर्ष लिहावे. “मुलगी नववीत आहे” या नोंदीपेक्षा “मुलगी जून २०२५ मध्ये नववीत गेली” ही नोंद चांगली, कारण पुढच्या वर्षी साधन स्वतः हिशेब करू शकते. शेतीतही तसेच. “शेतात सोयाबीन आहे” असे लिहिल्यास रब्बीतही साधन सोयाबीनवरच्या किडीची काळजी करत राहते. “खरीप २०२५ मध्ये सोयाबीन, त्यानंतर हरभरा” असे लिहिल्यास ते ऋतूप्रमाणे चालते.

चौथी पायरी: माणसे आणि कामे वेगळी ठेवणे

खेड्यांत अजूनही एक फोन आणि एक खाते घरातील चार माणसे वापरतात, आणि मेमरीचा सर्वांत मोठा घोळ येथे होतो. दिवसा वडील उसाच्या बिलाचा हिशेब विचारतात, संध्याकाळी मुलगी त्याच खात्यावर त्रिकोणमिती सोडवते, रात्री आजीच्या गुडघेदुखीची चौकशी होते. साधनाच्या दृष्टीने हा एकच माणूस असतो, ज्याचे वय, व्यवसाय आणि आजार एकमेकांत मिसळलेले आहेत. शक्य असेल तर प्रत्येक सज्ञान माणसाने आपले खाते वेगळे करावे. लहान मुलांच्या खात्यासाठी प्रत्येक साधनाची वयाची अट निराळी असते, ती आधी पाहावी. वेगळे खाते शक्य नसेल तर खात्याचा मुख्य वापरकर्ता एकच ठरवावा, आणि इतरांनी तात्पुरते संभाषण वापरावे. चॅटजीपीटी आणि जेमिनीत त्याला टेम्पररी चॅट म्हणतात, क्लॉडमध्ये इन्कॉग्निटो. त्यात मेमरीत काही लिहिले जात नाही. मात्र ते संभाषण त्याच क्षणी पुसले जाते असे समजू नये: जेमिनी ते ७२ तासांपर्यंत ठेवते आणि चॅटजीपीटीची प्रत सुरक्षेसाठी ३० दिवसांपर्यंत राहू शकते.

एकाच माणसाची कामे अनेक असतील तर प्रोजेक्ट करावेत. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीचे सुटे भाग करणारा उद्योजक एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांची कोटेशने आणि मालाची मापे ठेवेल, दुसऱ्यात गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च. पहिल्याच्या सूचनांत “मापे मिलिमीटरमध्ये, भाषा इंग्रजी, सूर व्यावसायिक” असे असेल आणि दुसऱ्याच्या सूचनांत “भाषा मराठी, पोलीस परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये”. काही साधनांत प्रोजेक्टची मेमरी बाहेरच्या मेमरीपासून तुटक ठेवता येते. तो पर्याय असेल तर निवडावा, नसेल तर सूचनांत तसे लिहून पाहावे.

पाचवी पायरी: कागद आत घालताना

प्रोजेक्टमध्ये फाइली टाकल्या की साधन त्या पाठ करत नाही. मजकूर फार असेल तर सॉफ्टवेअर त्याचे तुकडे करते, प्रश्नाशी जुळणारे काही तुकडे शोधते आणि तेवढेच मॉडेलपुढे ठेवते. या पद्धतीचा पाया २०२० च्या एका संशोधनाने घातला. याचा व्यवहारातला अर्थ असा की फाइल नीट वाचता येत नसेल तर योग्य तुकडा सापडतच नाही आणि उत्तर आत्मविश्वासाने चुकते.

आपल्या भागात याला एक खास अडचण आहे. पतसंस्था, शाळा आणि मंडळे यांचे जुने मराठी कागद श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात, आणि कन्नड कागद नुडीच्या फॉन्टमध्ये. हे कागद पडद्यावर बरोबर दिसले तरी आतली अक्षरे युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) नसतात, त्यामुळे साधनाला इंग्रजी चिन्हांचा गिचमिड ढीग दिसतो. कागदातला एखादा परिच्छेद नकलून फोनवरच्या साध्या नोंदवहीत चिकटवून पाहावा. तिथे देवनागरी किंवा कन्नड अक्षरे आली तर फाइल चालेल, नाही तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. स्कॅन केलेला उतारा असेल तर साधनाला आधी फक्त त्यातील सर्वे नंबर, क्षेत्र आणि खातेदारांची नावे वाचून दाखवायला सांगावी आणि मूळ कागदाशी ताडावी. कन्नड कागदातील अंक आणि नावे ओळखण्यात चुका होतात, आणि अशी एक चूक नोंदीत गेली की पुढे ती खरी म्हणूनच वावरते.

नावांच्या लेखनाची एक छोटी तक्ताफाइल प्रोजेक्टमध्ये ठेवल्यास फार उपयोग होतो. गावाचे व माणसाचे नाव मराठीत, कन्नड कागदात आणि आधार कार्डावरील इंग्रजीत कसे आहे ते एका ओळीत लिहावे. कर्नाटकात वारसाची नोंद पौती खाते या नावाने होते, तर मराठी बोलण्यात आपण वारसा लावणे म्हणतो. अशा नेहमीच्या कामांच्या जोड्याही त्याच फाइलमध्ये घालाव्यात. मग मराठीतून सांगितलेल्या अर्जाचा कन्नड मसुदा प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने तयार होतो. मसुदा कार्यालयात देण्यापूर्वी कन्नड चांगले येणाऱ्या माणसाला मात्र दाखवावाच.

सहावी पायरी: मेमरीत काय जाऊ द्यायचे नाही

आधार क्रमांक, बँक खाते, एटीएमचा पिन, ओटीपी, पासवर्ड हे मेमरीत आणि संभाषणातही देऊ नयेत. हे सगळ्यांना माहीत असते. चूक होते ती दुसऱ्यांच्या माहितीबाबत. महिला बचत गटाच्या सचिव ताई हप्त्यांचा हिशेब साधनाकडून करून घेतात, तेव्हा कोणत्या सदस्येचा हप्ता थकला, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणी सावकाराकडून पैसे घेतले हे सगळे त्यांच्या खात्यात जाऊन बसते. त्या सदस्यांनी याला संमती दिलेली नसते. नावांऐवजी सदस्य १, सदस्य २ असे लिहिले तरी हिशेब तितकाच बरोबर येतो, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे सचिवांच्या वहीत राहते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला असून त्यात आपली माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक धरले आहे. त्यामुळे शिक्षकांनी विद्यार्थ्यांची नावे, गुण आणि घरची परिस्थिती आपल्या खासगी खात्याच्या मेमरीत साठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या मुलाच्या अडचणीवर सल्ला हवा असेल तर तात्पुरत्या संभाषणात, नाव न घेता विचारावा.

आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की साधनाला वाचायला दिलेल्या बाहेरच्या मजकुरात लपवलेली सूचना मेमरीत खोटी नोंद घालू शकते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली पीडीएफ किंवा अनोळखी संकेतस्थळ साधनाकडून वाचून घेतल्यावर “मेमरी अद्ययावत झाली” अशी खूण दिसली, तर लगेच ती नोंद उघडून पाहावी. अशी कागदपत्रे तात्पुरत्या संभाषणात वाचून घेणे सर्वांत बरे.

सातवी पायरी: मेमरीची परीक्षा घेणे

ओळख लिहून झाल्यावर नवे संभाषण उघडून, राज्याचा उल्लेख न करता काही प्रश्न विचारावेत. “माझ्या शेताचा उतारा ऑनलाइन कुठे मिळेल?” याला भूमी हे उत्तर यायला हवे. “वीजबिल जास्त आले आहे, तक्रार कुठे करू?” याला महावितरण आले तर ओळख पोचलेली नाही; हेस्कॉम यायला हवे. “कोल्हापूरला माल पाठवायचा आहे, बिलात कोणता कर दाखवू?” आणि लगेच “गोकाकला पाठवायचा आहे” असे विचारून दोन्ही उत्तरांतला फरक बघावा. त्यानंतर “गडहिंग्लजला राहणाऱ्या बहिणीला उत्पन्नाचा दाखला हवा आहे” असे विचारावे. येथे साधनाने महाराष्ट्राची पद्धत सांगितली तर अपवादाचे वाक्य काम करते आहे. शेवटी उकडीच्या मोदकांची कृती मागावी. त्या उत्तरात जीएसटी, निपाणी किंवा हेस्कॉम डोकावले तर ओळख गरजेपेक्षा जास्त पसरली आहे असे समजून “या माहितीचा वापर विषयाशी संबंध असेल तेव्हाच करावा” असे वाक्य वाढवावे.

या परीक्षेत उत्तर चुकले तर आधी मेमरीचे बटण चालू आहे का ते पाहावे, मग नोंदींत विरोधी ओळ शोधावी, आणि तरीही न जमल्यास ओळखीतील राज्याचे वाक्य सर्वांत वर आणावे. मेमरी बरोबर असूनही उत्तरातला तपशील चुकू शकतो, हे विसरू नये. आपण कोठे राहतो हे लक्षात ठेवणे एक काम आहे आणि तिथला नियम खरा सांगणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी अधिकृत संकेतस्थळ किंवा कार्यालय यांना पर्याय नाही.

आठवी पायरी: पुसणे, आवरणे आणि प्रत ठेवणे

संभाषण पुसले म्हणजे त्यातून झालेली नोंद पुसली जाते, असा समज सर्रास आढळतो. चॅटजीपीटीत जतन केलेली नोंद संभाषणापासून वेगळी असते, त्यामुळे दोन्ही ठिकाणांहून काढावे लागते. नोंद काढली पण मूळ संभाषण ठेवले, तर जुन्या संभाषणांच्या संदर्भातून तीच गोष्ट परत येऊ शकते. मेमरीचे बटण बंद केल्याने साठलेल्या नोंदी नाहीशा होत नाहीत. त्या फक्त वापरल्या जात नाहीत, आणि बटण पुन्हा चालू केले की परत हजर होतात.

आवरण्यासाठी वर्षातून दोन वेळा पुरेशा आहेत. पेरणीच्या सुमारास, म्हणजे शाळा सुरू होताना, मुलांच्या इयत्ता आणि पिके बदलावीत. दिवाळीच्या आधी दुकानाच्या वह्या आवरताना व्यवहाराच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा, की गेल्या सहा महिन्यांत ही ओळ कोणत्याही उत्तरात उपयोगी पडली का. नसेल पडली तर ती काढावी.

ओळखीचा मूळ मजकूर, नावांचा तक्ता आणि प्रोजेक्टच्या सूचना फोनमधील साध्या मजकूरफाइलमध्ये स्वतःजवळ ठेवाव्यात. एका साधनाची मेमरी दुसऱ्या साधनात आपोआप जात नाही, खाते बंद पडले तर सगळे हातचे जाते, आणि मोफत खात्यातील सोयी कंपन्या बदलत असतात. फाइल जवळ असली की नव्या साधनात ती चिकटवून, सातव्या पायरीतले प्रश्न पुन्हा विचारून थोड्या वेळात काम सुरू करता येते. बचत गट, मंडळ किंवा शाळेचे काम पाहणारी व्यक्ती बदलते तेव्हाही हीच फाइल नव्या सचिवांच्या हाती द्यावी. जुन्या सचिवांनी आपल्या खात्यातील तो प्रोजेक्ट, त्यातील संभाषणे आणि गटाशी संबंधित नोंदी या तिन्ही गोष्टी काढून टाकाव्यात, आणि गटाच्या बैठकीच्या वृत्तात तशी एक ओळ लिहून घ्यावी.